उतारावरचा शेंदरी दगड

सोपानराव,

तुमच्या दहाव्याला मी बुडाला शेंदूर फासून आलो. घरून निघालो तेव्हा धोतर पांढरं होतं, एवढं माझ्या बाजूनं सांगतो. तुमच्या बहिणीनं स्वतः काढून दिलेलं, नीळ घातलेलं. उतारावर नेहमीसारखा सायकलवरून खाली उतरलो, नेहमीसारखी ती दगडाला टेकवली, सोगा वर खोचला, आणि दहा दिवसांच्या शिणवट्यानं गुडघे असे काही बोलायला लागले की क्षणभर मीही टेकलो. त्याच दगडावर. अकरा वर्षांत सायकल टेकवली होती, स्वतः कधी टेकलो नव्हतो. उठलो, नदीवर आलो, तर तुमच्या निवृत्तीनं मान खाली घातली, गुरुजींनी मान वर केली, आणि बाकीच्या मंडळींनी माझी पाठ फिरण्याची वाट पाहिली. लक्ष्मण माळी मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हे.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, म्हणजे पैलतीराला ऐकू जाईल इतक्या हळू, "देवाच्या मांडीवर बसून आलात जनू."

दशक्रियेला हसू नये. चार-पाच जण नदीकडं तोंड करून खोकले. तुम्ही असता तर तुम्हीही खोकला असता, आणि तुमचा खरा कुठला, खोटा कुठला, ते कुणाला कळलं नसतं.

मला मात्र हसू आलं नाही, लाजही वाटली नाही. दोन्हींना अंगात जोर लागतो. डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. शेंदूर ओला होता. तुम्ही जाऊन दहा दिवस झालेले, त्याआधी महिनाभर बाजेवर. मग त्या सकाळी दगडाला शेंदूर लावला कुणी?

गेलेल्या माणसावर लिहायचं तर जन्म कुठला, चाकरी किती वर्षं, मागं कोण कोण, असं लिहितात. ते सगळं तामिरात, म्हणजे बांधकाम खात्याच्या दफ्तरात आहे, उर्दूत आहे, आणि बहुतेक चुकीचं आहे. तुम्ही बीडच्या सडकेचे मुकादम, आणि मी तुमच्या बहिणीचा, गोदीचा नवरा, नदीपल्याडच्या मदरशातला, म्हणजे सरकारी शाळेतला मास्तर, एवढं पुरे. बाकीचं आपल्या दोघांत आहे. आणि आपल्या दोघांत बहुतेक भांडणच आहे.

मी सायकल घेतली तेव्हा गावात सायकली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. माझी जालन्याहून आणलेली, तिसऱ्या हातची. तिला ब्रेक एकच, पुढचा, आणि तोही सज्जन, कुणाला अडवायचा नाही. तुम्ही तिच्याभोवती दोनदा फिरलात, चाक उचलून सोडलंत, आणि म्हणालात, "दाजी, घोडी लई रोड हाय. दाणा खात न्हाई म्हनून घेतली व्हय?"

तुम्हाला सडक ठाऊक होती, मला फक्त सायकल. वेशीच्या आतली सडक म्हणजे बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा. एकदा चाकोरीत चाक घातलं की सायकलवाल्याचं स्वातंत्र्य संपलं. मग चाकोरी नेईल तिकडं जायचं. पहिल्याच महिन्यात मी मदरशाला म्हणून निघालो आणि कडब्याच्या गाडीमागं एका अनोळखी खळ्यात जाऊन पोचलो. तिथल्या म्हातारीनं पाणी दिलं आणि विचारलं, "कुनाच्या लग्नाचं बोलाया आलात?" घंटी वाजवली तर माणसं हटत नसत, बैल मात्र उधळत. आणि काटे! वेशीबाहेर सडकेला दोन्ही अंगांनी बाभळी. आठवड्यातून दोन पिंचर हा माझा ठरलेला रतीब होता. मग हळूहळू ते कमी झाले. मला वाटलं, मला चालवता यायला लागलं.

परवा निवृत्ती म्हणाला, "मामा, बाबा तुमच्या वक्ताच्या आधी रोज उतारावर खराटा मारायचे. टोळीतल्यास्नी न्हाई लावायचे, सोता मारायचे."

मी म्हणालो, "खात्याचा हुकूम असेल."

"हुकूम झाडास्नी चुना-गेरूचे पट्टे मारायचा हुता, मामा. काट्यांचा कसला हुकूम?"

सोपानराव, ही गोष्ट मला तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी कळली. इतकी वर्षं मी स्वतःला पट्टीचा सायकलवाला समजत होतो.

आपल्या भांडणाचं मूळ मात्र त्या पाट्यांत आहे. मोहल्ल्यामोहल्ल्याला नावाच्या पाट्या ठोकायचा हुकूम आला तेव्हाची गोष्ट. टिनाच्या निळ्या पाट्या, त्यावर पांढरी उर्दू अक्षरं. तुम्हाला उर्दू येत नव्हतं आणि बाळबोधही येत नव्हतं, म्हणून पाट्यांचा ढीग घेऊन माझ्या ओट्यावर आलात. मी मास्तर. कुणी वाचून दाखव म्हटलं की माझी छाती इंचभर फुगते. वरून एकेक पाटी उचलली, खणखणीत आवाजात वाचली, बाजूला ठेवली. "ही सुतारगल्ली. ही कासारगल्ली. ही तेलीगल्ली." वाचलेली पाटी एकावर एक रचत गेलो, म्हणजे पहिली गेली तळाला. सगळा ढीग उलटा झाला. तुम्ही माझा शब्द न् शब्द ध्यानात ठेवलात, वरून एकेक पाटी उचललीत, आणि त्या क्रमानं इमानेइतबारे ठोकत गेलात.

तीन महिने सुतार तेल्यांत राहिले, तेली सुतारांत. कुणालाच पत्ता नाही. मग खात्याचे नवे वरिष्ठ अधिकारी, मोहतमीम साहेब, आले, पाट्या वाचत घर शोधायला निघाले आणि भलत्याच दारात उभे राहिले. तुम्हाला भर चौकात उभं केलं. मी तिथून सायकल हातात धरून जात होतो, थांबलो. साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "माझंच ध्यान न्हवतं, सरकार." मी पुढं होऊन बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. माझ्या हातून फक्त घंटी वाजली.

तुम्हाला दोन दिवस सडकेच्या चौकीबाहेर उभं राहण्याची शिक्षा झाली. उन्हातली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं येऊन पाणी प्यालात आणि हसलात. "तीन म्हैने, दाजी! तीन म्हैने पाट्या उलट्या आन् एका बी मानसाचा पाय चुकला न्हाई. मंग पाटी कुनासाटी हाय वो?"

मी त्यावर शिक्षणाच्या महत्त्वावर बोललो. पाट्या मी उलट्या रचल्या, हे सोडून सगळं बोललो.

मग माझं पडणं. वेशीतून नदीकडं उतरणारी सडक अर्ध्या उतारावर, दाट बाभळीच्या आडून, एकदम डावीकडं वळते आणि फरशीवर, म्हणजे नदीवरच्या बुटक्या पुलावर जाते. ज्याला वळण दिसलं नाही तो सरळ ओढ्याच्या धोंड्यांत. माझ्याआधी तिथं एक गाडी उलटली होती, बैलाचा पाय मोडला होता. पण बैलाला दरख्वास्त लिहिता येत नाही. मी पडलो, डावा हात कोपरात मोडला, आणि उजव्या हातानं दरख्वास्त लिहिली. तो हात अजून सरळ होत नाही. वर्गात फळ्यावर लिहिताना पोरांना वाटतं, मास्तर कोपरानं कुणाला तरी ढोसतायत. तुमची बहीण आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नुसतं भरवत होती. तुम्ही दाराशी बसून म्हणालात, "गोदे, बोल की गं." ती तुमच्याशीही बोलली नाही.

दरख्वास्तीवर पाच महिन्यांनी पाटी आली. झोकदार उर्दू अक्षरांत एकच शब्द, आहिस्ता. मला कोण आनंद! माझ्या अर्जानं सरकार हललं. मी ती पाटी वर्गातल्या पोरांना नेऊन दाखवली. पंधरा दिवसांत ती नाहीशी झाली. पुढं वर्षभरानं एका घरी सत्यनारायणाला गेलो तर कणगीवर झाकण म्हणून उताणी पडलेली. तीर्थ घेता घेता वाचली. आहिस्ता.

तुम्ही दुसरा इलाज केलात. वळणाच्या अलीकडं सडकेवर आडवा चुन्याचा पट्टा ओढलात, हातभर रुंद. दुरून दिसावा, माणूस सावध व्हावा. अक्कल चांगली होती, पण दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन निघालेल्या बायका पट्ट्यापाशी थबकल्या. वाटेवर आडवी पांढरी रेघ! कुणीतरी करणी केली. कोण ओलांडणार? एकीनं पदर खोचला आणि बाजूनं लक्ष्मण माळ्याच्या वांग्यांतून वाट काढली, तिच्यामागं सगळ्या. दुपारपर्यंत गाड्याही तिथूनच जायला लागल्या. लक्ष्मण हातात चाबूक घेऊन तुमच्यापुढं उभा राहिला.

"कावून बे मुकादम, सरकारी सडक माझ्या वांग्यांतून कावून नेली?"

"म्या न्हाई नेली बाबा. लोकंच गेली."

"रेघ कुनी वढली?"

"म्या."

"मंग तूच पूस. न्हाई तर वांगी तूच खा."

तुम्ही अंगातल्या बंडीनं रेघ पुसलीत. वांगीही खाल्लीत म्हणा, त्यानं टोपलीभर आणून दिली होती. तुम्हा दोघांची भांडणं अशीच संपायची. आपलं मात्र संपलं नाही.

मग तो दगड. वळणाच्या तोंडाशी पहिल्यापासून पडलेला, गुडघ्याएवढा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. झाडांच्या पट्ट्यांतला उरलेला गेरू तुम्ही त्याला वरपासून खालपर्यंत फासलात. तांबडा रंग दुरून दिसतो, एवढाच हिशेब. त्यात लबाडी नव्हती, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं. आठवड्याभरात कुणीतरी त्याच्यापुढं नारळ फोडला. मग गाडीवाले तिथं कासरा ओढायला लागले, खाली उतरून हात जोडायला लागले. बायका डोक्यावरची पाटी उतरवून टेकायच्या. माझ्यासारखे सायकलवाले चार-सहा झाले होते, तेही उतरायचे. उतरलेला माणूस मग वळण चालतच पार करायचा. त्या पावसाळ्यात उतारावर कुणी पडलं नाही.

पण पावसानं गेरू धुऊन नेला. लक्ष्मणाची म्हातारी आई काठी टेकत चौकीवर आली. "मुकादम, देवाचं अंग उघडं पडलं रं."

दुसऱ्या दिवशी दगडाला तेलातला शेंदूर होता, आणि तुमच्या उजव्या हाताची तीन बोटं तांबडी होती.

शेंदूर कुठून आणलात, हे मी विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच, आणि जरा मोठ्या आवाजात. गेरू फासलात तोवर चूक लोकांची होती, सोपानराव. शेंदूर लावलात तेव्हा लबाडी तुमची झाली. मी मदरशात पोरांना सांगतो की डोळे उघडे ठेवा, आणि माझा मेहुणा सडकेवर देव पेरतो!

तुम्ही रागावला नाहीत. बोटं धोतराला पुसत म्हणालात, "दाजी, तुमची पाटी वाचाया तुमच्या मदरशात चार वर्सं यावं लागतंय. ह्याला नुसते डोळे पुरतात."

"पण हे खोटं आहे."

"वळन खरं हाय न्हवं?"

अकरा वर्षं आपण एवढंच बोललो. शब्द बदलले, जागा बदलली, तुमच्या ओट्यावर, माझ्या ओट्यावर, ऐन लग्नात, एकदा तर तुमच्या थोरलीच्या लेकराच्या बारशात पाळण्याच्या दोन बाजूंना उभं राहून. निषेध म्हणून मी हात जोडणं सोडून दिलं आणि दगडाला सायकल टेकवायला लागलो. वाटलं होतं, लोक चिडतील, दोन शब्द होतील, मला समजावून सांगायची संधी मिळेल. कुणी चिडलं नाही. लक्ष्मणानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "मास्तर शिकलेला हाय, त्याला पाप लागत न्हाई." आणि तुम्ही चुन्याची बादली घेऊन बाजूनं जाताना नुसतं म्हणायचा, "टेकवाया का हुईना, खाली उतरता न्हवं? मंग झालं."

मग खोकला. इतकी वर्षं चुन्याच्या पिंपात तोंड घालून काढलेली. छाती आतून पांढरी झाली असणार. मी म्हणायचो हकिमाला दाखवा. तुम्ही म्हणायचा, मुरूम पसरून झाला की. मुरूम काही कधी पसरून झाला नाही.

तुम्ही जायच्या दोन दिवस आधी, सकाळी मदरशाच्या वाटेवर तुमच्याकडं आलो. बाजेवर उजव्या कुशीवर होतात. मला वाटलं झोप लागलीय. मी आपला सायकलच्या चाकातला काटा काढत उंबऱ्यात बसलो.

"दाजी."

"बोला."

"म्या लोकास्नी फसिवलं का वो?"

मी काटा काढायचा थांबलो नाही. एवढं आठवतं.

"तुमीच म्हनायचे, लबाडी हाय. आता वर जाऊन काय तोंड दावू? सगळ्यास्नी फसिवलं. लक्ष्मणाची आई मरताना तितलाच अंगारा मागत हुती. गोदीला बी फसिवलं. सख्खी बहीन, दर शनवारी तेल घालती तितं." मग बराच वेळ खोकलात. "म्या गेल्यावर तुमी सांगून टाका. दगड हाय म्हनावं. मास्तरचं लोक ऐकत्यात."

अकरा वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होतो ते तुम्ही आपणहून माझ्या हातात ठेवलंत. मी जिंकलो होतो. आणि इतका थकवा मला आयुष्यात कधी आला नव्हता, सोपानराव. तुम्ही विचारलं ते एक होकार किंवा नकार होता. मी काय म्हणालो? "तापात फार बोलू नये. दूध घ्या." आणि मदरशात उशीर होतो म्हणून निघालो. पहिला तास भूगोलाचा होता.

तुमच्या डोळ्यांसमोर मी तसाच उभा राहिलो, जसा त्या चौकात उभा होतो. या खेपेला घंटीसुद्धा वाजली नाही.

तर दहावा. पिंड मांडले. निवृत्तीनं पाणी सोडलं. आम्ही सगळे मागं सरलो आणि लिंबावरच्या कावळ्यांकडं बघत बसलो. तिघे होते. तिघेही पंख साफ करत होते, जणू आमच्याशी त्यांचा संबंध नाही. ऊन चढलं. निवृत्ती पुढं झाला, "बाबा, आयला सांभाळीन." कावळे हलले नाहीत. "बाबा, धाकटीचं लगीन तुमी ठरवलंय तितंच करीन." नाहीच. लक्ष्मणानं खिशातून विडी काढून पिंडाशेजारी ठेवली, "घे बे मुकादम, आता कोन खोकू नगं म्हनतंय?" म्हणाला, आणि डोळ्याला उपरणं लावलं. एक कावळा मान वाकडी करून विडीकडं बघून पुन्हा पंख साफ करायला लागला.

गुरुजी म्हणाले, "काही तरी राहिलंय मनात. घरच्यांना ठाऊक असेल तर सांगा."

ठाऊक मलाच होतं. सगळं गाव तिथं होतं, सूर्य डोक्यावर, आणि वर उतारावर तो दगड तांबडाभडक दिसत होता. दोन शब्दांचं काम. दगड आहे, देव नव्हे; मुकादमाची इच्छा होती म्हणून सांगतो. कावळ्यांवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्या शब्दावर होता. उभा राहिलो, मागचा शेंदूर सगळ्यांना पुन्हा दिसला, आणि तोंड उघडणार एवढ्यात उतारावर एक कडब्याची गाडी दिसली. गाडीवान परगावचा असावा. आमच्याकडं त्याचं लक्षही नव्हतं. वळणाच्या तोंडाशी त्यानं कासरा ओढला, खाली उडी मारली, दगडापुढं हात जोडले, आणि बैलांच्या शिंगांशी चालत चालत वळण घेतलं. गाडीवर, कडब्याच्या वर, त्याची बायको मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. तिला लेकराचं टोपडं नीट करायचं होतं. तिनं रस्त्याकडं पाहिलंही नाही.

मी पुढं गेलो, पिंडाजवळ खाली बसलो. इतका जवळ की गुरुजींना वाटलं मला भोवळ आली. आणि हळू, खरोखर हळू, म्हणालो, "न्हाई फसिवलं, सोपानराव."

तुमच्या बोलीत म्हणालो. माझ्या बोलीत ते निघेना.

मग म्हणालो, "आणि मी सांगणार नाही. रागावा हवं तर." कावळे तसेच. उठावं म्हणून गुडघ्यावर हात ठेवला आणि आणखी एक तोंडातून गेलं, अठरा-वीस वर्षं अडकलेलं. "त्या पाट्यांचा ढीग मी उलटा रचला होता."

पंखांचा आवाज झाला. मी मागं हटेपर्यंत एकानं चोच मारलीही. मंडळींनी हुश्श केलं. कावळा नेमका कोणत्या वाक्याला उतरला ते मला कळलं नाही, आणि त्याला भूक लागली असणार हेही आहेच. पण मला तिथं रडू आलं, सोपानराव, चांगलं मोठ्यानं. आणि लक्ष्मण माळ्यानं मला धरून, माझ्या मागच्या शेंदरासकट, नदीत नेऊन उभं केलं.

घरी आलो. जेवलो नाही. तुमची बहीण अंगणात माझं धोतर दगडावर घासत होती. मी ओट्यावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. गेरू, लक्ष्मणाची आई, तुमची तांबडी बोटं, बाजेवरचं बोलणं. म्हणालो, "तू दर शनिवारी तेल घालतेस तो देव नाही. तुझ्या भावानं केलेली खूण आहे. गावाला सांगणार नाही, पण तुझ्यापासून लपवून मला आता राहवत नाही."

तिनं धोतर पिळलं. मला वाटलं रडेल, किंवा आठ दिवस बोलणार नाही.

"शेंदूर माझ्याच डब्यातला हुता," ती म्हणाली. "दादा म्हनला, चौकीतल्या मारुतीला पायजे. चौकीत मारुती हाय का कुटं? तितं चुन्याची पिंपं हायती. त्याला शेंदूर तेलात कालवता बी येईना, म्याच कालवून दिला. पयल्या खेपंलाच उतारावर जाऊन बघून आलते. त्यानं तेवढा एकदाच लावला, आन् लावला बी असा की एका अंगाला दगड उघडाच. तवापासनं म्याच लावते."

"आज सकाळी..."

"मंग कोन? शनवार हाय."

"अकरा वर्षं? देव नाही हे ठाऊक असून?"

"तेल घालाया वाकलं की तितनं फरशी दिसती. तुमी पार झालेले दिसता." तिनं धोतर झटकलं आणि दोरीवर टाकलं. डाग जिथल्या तिथं होता. बराच वेळ ती तो डागच नीट करत राहिली, जणू काही तो चुरगळला होता. "दादाला सांगाया पायजे हुतं म्या. मला वाटलं, त्याला ठावं असंल."

ती पदराला हात पुसत आत निघाली, आणि दारातून मागं वळून म्हणाली, "सायकल टेकवा, टेकून बसा, काय बी करा. खाली उतरत जावा, म्हंजे झालं. पर शनवारी बसू नका. शनवारी ओला असतोय."